बिघाडाच्या दिवशीचा पडदा

संगणकाचे बटण दाबल्यापासून तो वापरायला मिळेपर्यंत जो पडदा समोर असतो, त्याच्या रचनेवर आता चवीने चर्चा होते. ऐंशीच्या दशकातल्या पीसीवर असा प्रश्नच नव्हता. मेमरी तपासली जाताना किलोबाइटचा आकडा वर चढत जाई, सगळे ठीक असेल तर एकदा बीप वाजे, मग डॉसच्या ओळी एकाखाली एक उमटत. पडदा रुक्ष होता, पण काय चालले आहे ते सांगत होता. आज नव्या लॅपटॉपवर काळी पार्श्वभूमी, मधोमध कंपनीचे बोधचिन्ह आणि खाली गोल फिरणारे ठिपके, एवढेच दिसते. काहींना ही प्रगती वाटते, काहींना जुन्या ओळी परत हव्या असतात. साधेपणा वाढवला की उपयोग कमी होणार आणि उपयोग वाढवला की पडद्यावर गर्दी होणार, हे मात्र दोघेही धरून चालतात. मला हे गृहीतकच मान्य नाही. साधेपणा आणि उपयुक्तता या दोन वेगळ्या वेळच्या गरजा आहेत. यंत्र सुरळीत चालू होत असेल तर पडद्याने गप्प राहावे. ते अडले तर त्याच क्षणी, नाव घेऊन, कळेल असे बोलावे. आणि पडद्याची रचना चांगली की वाईट याचा निकाल यंत्र अडलेल्या दिवशीच लावावा, कारण बाकीच्या दिवशी कोणतीही रचना चालून जाते.

याचा सर्वांत जुना आणि अजूनही सर्वांत चांगला पुरावा १९८४ च्या मॅकिंटॉशमध्ये आहे. सुझन केअर यांनी काढलेले हसऱ्या चेहऱ्याच्या संगणकाचे चित्र सगळ्यांना आठवते, पण ते शोभेसाठी नव्हते हे सहसा कोणी सांगत नाही. अंतर्गत तपासणी पार पडली आणि सुरू होण्याजोगी डिस्क सापडली, की मगच तो चेहरा दिसे. डिस्क सापडली नाही तर फ्लॉपीच्या चित्रावर प्रश्नचिन्ह लुकलुके. तपासणीतच काही बिघाड निघाला तर काळ्या पडद्यावर डोळ्यांच्या जागी फुल्या असलेला दुःखी चेहरा येई आणि त्याखाली आकड्या-अक्षरांचा एक संकेत. तीन चित्रे, तीन अर्थ. आणि तिसऱ्या चित्रात दोन वाचकांची सोय. मालकाला चेहऱ्यावरून कळे की यंत्र बिघडले आहे, दुरुस्ती करणाऱ्याला खालच्या संकेतावरून कळे की कुठे. यापेक्षा कमी रेषांत यापेक्षा जास्त माहिती देणारा पडदा त्यानंतर क्वचितच कोणी केला असेल. पुढे याच मॅकवर, सिस्टीम ७ च्या काळात, जोडलेले एकेक एक्स्टेन्शन सुरू होताना त्याचे चिन्ह पडद्याच्या तळाशी डावीकडून उजवीकडे येऊन बसे. बघायला ती गंमत होती, पण मॅक मध्येच हँग झाला तर शेवटचे चिन्ह पाहून संशयित लगेच ठरवता येई, आणि शिफ्ट दाबून सगळी एक्स्टेन्शन बाजूला ठेवून यंत्र चालू करता येई. २००२ मध्ये मॅक ओएस टेनच्या १०.२ आवृत्तीत हसरा चेहरा गेला आणि त्याच्या जागी कंपनीचे सफरचंद आले. बदल वरवर किरकोळ आहे, पण पडद्याचे कामच त्याने बदलले. चेहरा यंत्राची स्थिती सांगत होता, सफरचंद यंत्र कोणी बनवले ते सांगते. ते तर विकत घेतानाच माहीत झालेले असते.

विंडोजचा प्रवासही असाच झाला. विंडोज ९५ च्या ढगांच्या चित्राखाली एक रंगीत पट्टी सरकत असे. ती खरे तर सरकत नसून पॅलेटमधले रंग फिरवून सरकल्याचा भास निर्माण केलेला असे. मात्र एस्केप दाबले की ढग बाजूला होत आणि मागे काय लोड होते आहे त्या ओळी दिसत. म्हणजे चित्र हा पडद्यावरचा पडदा होता, हवा तेव्हा दूर करता येणारा. पुढे एक्सपीत तीन निळे तुकडे एका चौकटीतून जात राहिले, व्हिस्टात हिरवी पट्टी आली, २०१२ च्या विंडोज ८ पासून ठिपक्यांचे वर्तुळ आले आणि विंडोजच्या चिन्हाच्या जागी यंत्र बनवणाऱ्या कंपनीचे चिन्ह फर्मवेअरकडून घेऊन दाखवले जाऊ लागले. त्याच सुमारास एक खरी अडचण उभी राहिली. एसएसडी असलेली यंत्रे इतक्या वेगाने सुरू होऊ लागली, की सेटअप किंवा दुरुस्तीचा मेनू उघडणारी एफ२ किंवा एफ८ कळ दाबण्यासाठी २०० मिलिसेकंदांपेक्षाही कमी वेळ उरला. मायक्रोसॉफ्टने स्वतःच हे मांडले आणि दुरुस्तीचा मेनू कळीच्या भरवशावर न ठेवता चालू विंडोजच्या आतून उघडण्याची सोय केली. शिवाय सुरू होणे लागोपाठ फसले तर तो मेनू आपणहून समोर यावा असे केले. हा निर्णय मला महत्त्वाचा वाटतो. अडल्याची जाणीव माणसाला होऊन त्याने योग्य क्षणी योग्य कळ दाबावी, ही अपेक्षा त्यात सोडून दिली आहे आणि ती जबाबदारी यंत्राने उचलली आहे. साधा पडदा ठेवण्याचा अधिकार असा मिळवावा लागतो.

फिरत्या ठिपक्यांबद्दल थोडे थांबून बोलायला हवे, कारण आजच्या पडद्यावर हालचाल करणारी तेवढीच एक गोष्ट असते. काम किती झाले हे दाखवणाऱ्या पट्टीचे महत्त्व ब्रॅड मायर्स यांनी १९८५ मध्येच प्रयोगाने दाखवले होते. थांबावे लागत असेल तर किती थांबायचे हे कळावे, असे माणसांना वाटतेच. २००७ मध्ये ख्रिस हॅरिसन आणि सहकाऱ्यांनी त्याच्या पुढची बाजू उघड केली. वेळ तेवढाच असला तरी शेवटाकडे वेग घेणारी पट्टी लवकर संपल्यासारखी वाटते आणि शेवटाजवळ रेंगाळणारी फार लांबल्यासारखी. म्हणजे पट्टीला कामाशी इमान राखता येते, तसेच नुसती समजूतही काढता येते. ठिपके यातले काहीच करत नाहीत. ते किती झाले सांगत नाहीत, किती उरले सांगत नाहीत, आणि बहुतेक वेळा काम अडले आहे हेसुद्धा सांगत नाहीत, कारण ते फिरवणारा कोड वेगळा आणि अडलेले काम वेगळे असते. लिनक्सवर असा पडदा दाखवणारा प्लिमथ हा तर स्वतंत्र प्रोग्रॅमच आहे. दुसरीकडे कोणी अडून बसला तरी याचे चित्र खुशाल फिरत राहते. पाच सेकंदांच्या प्रतीक्षेत हे खपते. पण अपडेट चालू असताना पडदा सांगतो की संगणक बंद करू नका, टक्क्यांचा आकडा बराच वेळ एका जागी असतो, आणि गावात भारनियमन असते. यूपीएस नसलेल्या डेस्कटॉपसमोर बसलेल्या माणसाला त्या क्षणी एकच गोष्ट कळायला हवी असते: वीज जाण्याआधी हे उरकेल का. या प्रश्नाला हात न घालणाऱ्या पडद्याला साधा म्हणणे मला पटत नाही. तो अपुरा आहे.

लिनक्सच्या जगात हा वाद सर्वांत मोकळेपणाने झाला आहे, म्हणून तिथले एक उदाहरण जवळून पाहू. समजा एका संगणकाला दुसरी डिस्क जोडलेली होती आणि कोणती डिस्क कुठे जोडायची ते सांगणाऱ्या एफस्टॅब फाइलमध्ये तिची नोंद होती. डिस्क काढून टाकली, नोंद तशीच राहिली. पुढच्या वेळी यंत्र सुरू होताना सगळ्या सेवा सुरू करणारा सिस्टमडी हा प्रोग्रॅम त्या डिस्कची वाट पाहत बसतो, ठरलेले ९० सेकंद. पडद्यावर ओळी दिसत असतील तर तिथे तीन तारकांचा एक लाल गट डावीकडून उजवीकडे आणि परत फिरताना दिसतो, त्यापुढे अमुक डिस्कसाठी काम चालू आहे असे लिहिलेले असते, आणि कंसात घड्याळ: तेवीस सेकंद झाले, मर्यादा दीड मिनिट. किती थोड्या शब्दांत किती सांगितले आहे पाहा. कशासाठी थांबलो, किती वेळ थांबलो, किती वेळ थांबणार. हालचाल आहे, पण ती नावासकट आहे. आता याच यंत्रावर बोधचिन्हाचा पडदा चढवलेला असेल तर दीड मिनिट नुसते चिन्ह दिसते. माहितगार माणूस एस्केप दाबतो आणि मागच्या ओळी पाहतो. ज्याला ते माहीत नाही तो वैतागून पॉवरचे बटण दाबून धरतो, आणि डिस्क काढण्याच्या साध्या कामातून फाइली खराब होण्याची वेळ येते. अर्थात नुसत्या ओळी दाखवल्याने सगळे भागते असेही नाही. दीड मिनिट संपल्यावर यंत्र आणीबाणीच्या अवस्थेत जाते, आणि उबुंटूसारख्या प्रणालीत सर्व अधिकार असलेले रूट खाते मुळात बंद असल्याने तिथे संदेश येतो की रूट खात्याला कुलूप आहे, पुढे जाण्यासाठी एंटर दाबा. एंटर दाबले की बहुधा पुन्हा तेच. हा संदेश अक्षरशः खरा आहे आणि तरीही समोरच्याला तो कुठेही पोहोचवत नाही. तेव्हा मी बोलक्या पडद्याची बाजू घेतो ती प्रत्येक ओळ दाखवा म्हणून नव्हे. काय अडले त्याचे नाव, यंत्र सध्या काय करते आहे, आणि आता समोरच्याला काय करता येईल, या तीन गोष्टी हव्यात. तिसरी सर्वांत जास्त वेळा गळते.

यावर पहिला आक्षेप येतो तो सामान्य माणसाच्या नावाने. त्याला या संदेशांतले काही कळत नाही, तो घाबरतो, मग दाखवायचे कशाला? आक्षेपातले निरीक्षण खरे आहे, निष्कर्ष चुकीचा आहे. बिघाडाचा पडदा एकटा मालक वाचत नाही. तो त्याचा फोटो काढतो आणि व्हॉट्सअ‍ॅपवर भाच्याला, ऑफिसातल्या आयटीवाल्याला किंवा कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात पाठवतो. पडदा हा मालकाच्या हातून दुरुस्ती करणाऱ्याला जाणारा निरोप असतो, आणि निरोप्याला निरोपाचा अर्थ कळलाच पाहिजे असे नाही. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटने जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पाडले, आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले, तेव्हा त्या दिवशी फिरलेल्या निळ्या पडद्यांच्या छायाचित्रांत तळाशी एक ओळ होती: बिघाड झालेल्या फाइलचे नाव, सीएसएजंट डॉट सिस. प्रवाशांना त्या ओळीचा काहीच उपयोग नव्हता. पण ठिकठिकाणच्या तंत्रज्ञांना, एकमेकांची ओळख नसताना, आपल्या सगळ्यांचा आजार एकच आहे हे ओळखायला ती ओळ कामी आली. त्याच पडद्यावर विंडोज ८ पासून आलेला रडका चेहरा होता, आणि २०१६ पासूनचा क्यूआर कोडही, जो मदतीच्या एका सर्वसाधारण पानाकडे नेई. २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने हा पडदा बदलून काळा केला, तेव्हा चेहरा गेला, क्यूआर कोड गेला. बिघाडाचा संकेत आणि बिघडलेल्या ड्रायव्हरचे नाव मात्र राहिले. साधेपणा आणला तो अशा जागी आणला, जिथे काढलेल्या गोष्टींत माहिती नव्हती. काय काढायचे आणि काय ठेवायचे याचे हे मला चोख उदाहरण वाटते.

दुसरा आक्षेप तांत्रिक आहे: सगळ्या नोंदी लॉगमध्ये राहतात, मग पडद्यावर कशाला? यंत्र सुरू झाले असेल तर हे बरोबर आहे. पण सुरू होण्यातला बिघाड नेमका अशा वेळी होतो, जेव्हा नोंदी लिहायची डिस्कच अजून हाती आलेली नसते. अशा वेळी पडद्यावर जे आले तेच बहुतेकांना मिळणारी एकमेव साक्ष. लिनक्सवाल्यांनी अलीकडे हे मनावर घेतले आहे. डिसेंबर २०२३ मध्ये आलेल्या सिस्टमडीच्या २५५ व्या आवृत्तीत सुरू होतानाचा गंभीर बिघाड पूर्ण पडद्यावर, क्यूआर कोडसह, दाखवण्याची सोय आली. तिसरा आक्षेप सुरक्षेचा. जास्त दाखवले तर हल्लेखोराला मदत होते, आणि पडद्यासाठी जास्त कोड लिहिला की जास्त छिद्रे पडतात. यातला दुसरा भाग मला पूर्ण मान्य आहे, फक्त तो शब्दांच्या विरोधात जात नाही. २०२३ मध्ये बायनर्ली या कंपनीच्या संशोधकांनी लोगोफेल नावाने जे दोष जाहीर केले, ते फर्मवेअरमधल्या चित्र वाचणाऱ्या कोडमध्ये होते. सुरू होताना दिसणारे बोधचिन्ह बदलून, ऑपरेटिंग सिस्टीमच्याही आधी, हल्ला घुसवता येत होता. म्हणजे सजावटीची किंमत होती आणि ती अनेक नामवंत कंपन्यांच्या यंत्रांनी मोजली. याउलट सुरक्षेसाठीच पडद्याने बोलावे लागते असेही प्रसंग आहेत. क्रोमबुक डेव्हलपर मोडमध्ये टाकले की दर वेळी सुरू होताना ते सांगते की प्रणालीची खातरजमा बंद आहे, आणि कोणी कळ दाबली नाही तर हा इशारा ३० सेकंद तसाच राहतो. अँड्रॉइड फोनचे बूटलोडर उघडलेले असेल तर फोनही असा इशारा देतो. जुना फोन विकत घेणाऱ्याला तो इशारा त्रासदायक वाटेल, पण त्याच्या हिताची ती एकमेव सूचना आहे. एटीएम किंवा स्टेशनावरचा फलक ही गोष्ट निराळी. तिथे रांगेतल्या माणसाला सेवा बंद आहे एवढे कळले तरी पुरे; एक छोटा संकेत कोपऱ्यात असला की कर्मचाऱ्याचेही काम होते.

मग प्रत्यक्षात रचना कशी असावी, याचे उत्तर मला फेडोरा या लिनक्स प्रणालीच्या एका शांत निर्णयात दिसते. जुन्या फेडोरात सुरुवातीचे चित्र दाखवण्यासाठी चित्रमय पडदा चालवणारा एक पूर्ण एक्स सर्व्हर उभा केला जाई, मग तो बंद करून लॉगिनसाठी पुन्हा उभा केला जाई. पडदा लुकलुके आणि वेळही जाई. २००८ च्या फेडोरा १० मध्ये प्लिमथ आला आणि ते थांबले. २०१९ च्या फेडोरा ३० पर्यंत फर्मवेअरच्या बोधचिन्हापासून लॉगिनपर्यंत पडदा एकदाही न लुकलुकता जाईल इतकी सफाई झाली. डोळ्यांना हे नक्कीच सुखद आहे. पण त्याच सुमारास त्यांनी काय सुरू करायचे ते विचारणारा ग्रबचा मेनूही लपवला, आणि लपवताना एक अट घातली: मागच्या वेळी यंत्र नीट सुरू झाले नसेल तर मेनू दिसलाच पाहिजे. नीट सुरू झाले म्हणजे काय, हेही ठरवले. वापरणारा आत येऊन दोन मिनिटे टिकला तर ते यशस्वी धरायचे. बहुतेक रचनाकार शांतता ही मूळ अवस्था धरतात आणि बोलणे हा अपवाद म्हणून कुठल्यातरी कळीमागे ठेवतात. इथे शांतता ही यशाच्या पुराव्यावर मिळते आणि अपयश दिसताच काढून घेतली जाते. प्लिमथच्या पडद्यानेही असेच वागायला हवे. डिस्कचा पासवर्ड विचारणे, डिस्कतपासणी किती झाली ते दाखवणे, कॅप्स लॉक चालू असल्याचे सांगणे ही कामे तो आजही करतो. ठरलेल्या वेळेपेक्षा एखादे काम पाच-दहा सेकंदांनी लांबले की बोधचिन्हाखाली त्या कामाचे नाव आपणहून यावे, त्यासाठी एस्केपची माहिती लागू नये, एवढे त्यात आणखी हवे.

हे नाव कोणत्या भाषेत यावे हा प्रश्न आपल्यासाठी वेगळा आहे, आणि तो रचनेच्या चर्चेत जवळजवळ येतच नाही. लिनक्सच्या मजकुरी पडद्याला एका वेळी फार तर ५१२ चिन्हे ठेवता येतात आणि प्रत्येक चिन्ह आपापल्या चौकोनात बसते. काना, वेलांटी, जोडाक्षर यांची जुळणी तिथे होत नाही. त्यामुळे बिघाडाचे जुन्या धाटणीचे संदेश देवनागरीत येणे शक्य नाही. म्हणजे ओळी परत आणा म्हणणाऱ्यांची मागणी मान्य केली, तर मराठी वाचणाऱ्याला त्यातून काही मिळत नाही. चित्रमय पडद्यावर मात्र हे होऊ शकते, फक्त देवनागरी फाँट आणि अक्षरे जुळवणारा कोड यंत्र सुरू होताना सर्वांत आधी लोड होणाऱ्या छोट्या फाइलसंचात घालावा लागतो. काही मेगाबाइट जागा आणि थोडी काळजी, एवढीच त्याची किंमत. ज्या पडद्याला नुसती शोभा म्हणून नाक मुरडले जाते, तोच आपल्या भाषेत बोलू शकणारा पडदा आहे, आणि म्हणूनच त्यावर नुसते चिन्ह फिरवत ठेवणे मला अधिक खटकते. संदेशाचे पहिले वाक्य मराठीत आणि त्याखाली फाइलचे नाव व संकेत मूळ रूपात, अशी जोडणी केली तर मालक आणि दुरुस्ती करणारा या दोघांचीही सोय होईल, १९८४ च्या त्या दुःखी चेहऱ्याने केली होती तशीच.

नव्या संगणकाचे किंवा नव्या आवृत्तीचे परीक्षण लिहिणारे सुरू होण्याचा वेळ सेकंदांत मोजतात आणि पडद्याचा फोटो छापतात. त्यांनी याच्या जोडीला आणखी दोन परीक्षा घ्याव्यात. एकदा नोंद असलेली डिस्क काढून यंत्र सुरू करावे, एकदा अपडेटच्या मध्यावर वीज तोडावी, आणि दोन्ही वेळा पडद्यावर जे आले ते संगणकातले फारसे न कळणाऱ्या माणसाला दाखवून विचारावे की आता तू काय करशील. शाळा आणि सरकारी कार्यालये शेकड्याने संगणक घेतात, त्यांच्या खरेदीच्या अटींत प्रोसेसर आणि मेमरीच्या ओळी असतात. त्यात या परीक्षांचीही एक ओळ घालता येईल, आणि कंपन्यांना ती टाळता येणार नाही.